तंजावरचे सरफोजीराजे भोसले व त्यांचा ग्रंथसंग्रह

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या तोंडावर भिवंडी येथील एका जुन्या घराचा माळा उतरविण्यांत आला. घरमालकांनीं निरोप धाडतांच आम्ही लगोलग गेलों. परंतु आमच्या आधीं दोन दिवस रद्दीवाला येऊन गेला होता. मागें राहिलें होतें तें एक फुटकें लांकडी खोकें. त्यांत एका पोथीचीं मधलीं अकरा पानें व मोडी लिपींतील कांहीं चिटोरीं सांपडलीं. पोथी कोणी लिहिली, कोणासाठीं लिहिली व त्या घरांत ती कोठून आली, हें ज्यांवरून कळावयाचें तीं आरंभाचीं व अखेरचीं पानें गेलेलीं. मालकांनीं मनापासून खेद दर्शविला. आजोबांस पोथ्यांचा भारी षोक असे, एवढीच माहिती त्यांना देतां आली.

असा प्रसंग ज्याच्यावर आला नाहीं असा जुन्या कागदपत्रांचा शोधक विरळा. कोंकणच्या दमट हवेंत कागद टिकविणें कठीण, वाळवी व कसर हे शत्रु नित्याचे. तथापि आमच्या समजुतीप्रमाणें पोथ्यांचा खरा घात पावसानें किंवा किडीनें होत नाहीं, तो संग्राहकाच्या मृत्यूनंतरच्या चाळीस-पन्नास वर्षांत होतो. गोळा करणारा जातो, त्याचा षोक त्याच्याबरोबर जातो, आणि मागें राहिलेलें दप्तर घरच्यांस अडगळ वाटूं लागतें. तेव्हां संग्राहकाच्या पश्चात् संग्रह कशानें तरतो, हा प्रश्न आम्हां सर्वांच्याच जिव्हाळ्याचा आहे. त्याचा विचार एका मोठ्या उदाहरणावरून करावा या हेतूनें तंजावरचे सरफोजीराजे भोसले (दुसरे) यांच्या ग्रंथसंग्रहाची हकीकत येथें देत आहों. मराठी बोलणाऱ्या माणसानें एकोणिसाव्या शतकांत केलेला याहून मोठा ग्रंथसंग्रह आमच्या पाहण्यांत नाहीं.

१. तंजावरचें पूर्ववृत्त

शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनीं इ. स. १६७५ च्या सुमारास तंजावर हस्तगत करून तेथें भोसल्यांची गादी स्थापिली. त्यापूर्वीं तंजावरास नायक राजे होते व त्यांच्या पदरीं 'सरस्वती भांडार' या नांवाचा पोथ्यांचा संग्रह होता. राज्याबरोबर तो संग्रहही मराठ्यांकडे आला. एकोजींच्या मागून गादीवर आलेले शहाजीराजे (राज्यकाल १६८४ ते १७१२) हे स्वतः ग्रंथकार असून त्यांच्या काळचीं मराठी नाटकें या संग्रहामुळेंच आज वाचावयास मिळतात. महाराष्ट्रांत मराठी नाटकाची परंपरा एकोणिसाव्या शतकापासून मोजण्याची चाल पडली होती. तंजावरच्या पोथ्यांनीं ती मर्यादा दीडशें वर्षें मागें नेली. समर्थसंप्रदायाचे मठही त्या प्रांतीं स्थापन झाले होते, त्यामुळें रामदासी वाङ्मयाच्या पोथ्या तेथें लिहिल्या व जपल्या जात.

सरफोजीराजांस वारशानें मिळाला तो इतकाच पाया. इमारत त्यांनीं स्वतः उभारिली.

२. सरफोजीराजांचें चरित्र

सरफोजी यांचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजीं झाला. तुळजाजीराजांस औरस वारस उरला नव्हता, म्हणून त्यांनीं १७८७ सालीं भोसले कुळांतील या मुलास दत्तक घेतलें व त्याच वर्षीं ते निवर्तले. मरणापूर्वीं त्यांनीं मुलाचा सांभाळ श्वार्ट्झ नांवाच्या जर्मन पाद्र्याकडे सोंपविला होता. पण तुळजाजींचे सावत्र बंधु अमरसिंह यांनीं दत्तविधानास हरकत घेतली. पंडितांनीं दत्तक अशास्त्र ठरविलें, कंपनी सरकारानें तो निर्णय मानिला, आणि अमरसिंह गादीवर बसले. पुढें मुलास वाड्यांत नीट वागविलें जात नाहीं असें दिसून आल्यावरून १७९३ सालीं त्यास मद्रासेस हलविण्यांत आलें. तेथें गेरिके नांवाच्या दुसऱ्या एका जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखालीं त्याचें शिक्षण झालें. इंग्रजी भाषा व युरोपांतील शास्त्रें यांची गोडी सरफोजींस लागली ती याच काळांत.

दत्तकाचा प्रश्न पुन्हां पंडितांपुढें नेण्यांत आला, त्यांनीं या खेपेस दत्तक सशास्त्र ठरविलें, आणि १७९८ च्या जूनमध्यें सरफोजीराजे गादीवर बसले. श्वार्ट्झ मात्र हें पाहण्यास उरला नव्हता. त्याच वर्षीं फेब्रुवारींत तो वारला. राजांनीं लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून त्याचें संगमरवरी स्मारक करवून घेतलें. तें तंजावरच्या प्रार्थनामंदिरांत आहे.

गादी मिळाली, राज्य मात्र लाभलें नाहीं. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहानें राज्याचा सर्व कारभार कंपनीकडे गेला. तंजावरचा किल्ला व त्याच्या लगतची थोडी जागा, सालिना एक लक्ष होन, म्हणजे सुमारें साडेतीन लक्ष रुपये, आणि निव्वळ वसुलाचा पांचवा हिस्सा इतकें राजांकडे राहिलें. फौज नाहीं, न्याय नाहीं, मुलखाचा बंदोबस्त नाहीं. पदरीं भरपूर द्रव्य व हातीं मोकळा वेळ. या स्थितींत सापडलेल्या संस्थानिकांनीं आपला पैसा कोठें घातला याचीं उदाहरणें वाचकांस ठाऊकच आहेत. सरफोजीराजांनीं त्याच द्रव्यांतून अन्नछत्रें व पाठशाळा चालविल्या, आणि तेहतीस वर्षें ग्रंथ जमविले. ७ मार्च १८३२ रोजीं त्यांचा अंत झाला.

३. संग्रह कसा वाढला

या संग्रहाच्या वाढीचे तीन मार्ग स्पष्ट दिसतात: विकत घेणें, नकला करविणें, आणि नवीन ग्रंथ निर्माण करणें.

खरेदींत युरोपीय ग्रंथांचा भाग मोठा आहे. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन इत्यादि भाषांतील सुमारें साडेचार हजार छापील पुस्तकें राजांनीं मिळविलीं. त्यांत वैद्यक, शारीर, रसायन, वनस्पति व प्राणी यांवरील ग्रंथ, प्रवासवर्णनें, नकाशे व कोश असे नाना विषय आहेत. हीं पुस्तकें शोभेसाठीं मांडिलेलीं नव्हतीं. बिशप हेबर १८२६ सालीं तंजावरास आला असतां, राजे लाव्हाझिए, लिनीअस, बुफाँ यांच्या ग्रंथांचे दाखले सहज देत, हें पाहून तो थक्क झाला, व तसें त्यानें लिहून ठेविलें आहे. बहुत पुस्तकांवर राजांची इंग्रजी सही आढळते. ही लहानशी संवय संशोधकांच्या किती उपयोगी पडली हें पुढें सांगूं.

संस्कृत पोथ्यांची मोठी भर काशीयात्रेच्या निमित्तानें पडली. १८२० सालीं राजे सुमारें तीन हजार माणसांच्या लवाजम्यासह उत्तरेस निघाले. या यात्रेचें वर्णन करणाऱ्या मराठी लावण्या तंजावरास रचल्या गेल्या व त्या छापूनही निघाल्या आहेत. काशींत राजांनीं पोथ्या विकत घेतल्या, आणि ज्या विकत मिळेनात त्यांच्या नकला पंडितांकडून करविल्या. पोथी कोठल्या वाटेनें आली हें तिच्या अंगावरूनही ओळखतां येतें. दक्षिणेंतील जुन्या पोथ्या ताडपत्रावर व ग्रंथ, तेलुगु इत्यादि लिप्यांत आहेत. काशीहून आलेल्या कागदावर व देवनागरींत आहेत. या भेदाकडे प्रथम लक्ष वेधिलें तें बर्नेल यानें. त्याच्याविषयीं पुढें येईल.

तिसरा मार्ग निर्मितीचा. राजांनीं वाड्यांत देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला. दक्षिणेंत त्या लिपीचा असा हा पहिलाच. इसापच्या गोष्टींचें मराठी भाषांतर तेथें छापिलें गेलें. मुंबईस मराठी शाळाखात्याचीं पुस्तकें निघूं लागलीं त्याच्या बऱ्याच आधींची ही गोष्ट आहे. भूगोलाची माहिती मराठी पद्यांतून देणारी 'देवेंद्र कुरवंजी' ही रचना राजांच्या नांवावर आहे. 'धन्वंतरि महाल' या नांवाच्या वैद्यशाळेंत देशी व युरोपीय दोन्ही पद्धतींच्या वैद्यांकडून औषधांची परीक्षा करवून त्यांचे योग लिहून ठेविले जात. नेत्ररोग्यांच्या डोळ्यांचीं रंगीत चित्रें व त्यांवरील उपचारांचीं टिपणें आजही तेथें आहेत. बृहदीश्वराच्या देवालयाच्या भिंतीवर १८०३ सालीं भोसले वंशाचें मराठी चरित्र कोरविलें गेलें तेंही याच राजांच्या आज्ञेनें. कागद नाहींसा झाला तरी दगड राहील, असा विचार त्यामागें असावा असें आम्हांस वाटतें.

४. राजांच्या पश्चात्

येथपर्यंतची हकीकत वैभवाची झाली. यापुढचा भाग संग्राहकांनीं अधिक लक्ष देऊन वाचण्यासारखा आहे.

सरफोजीराजांच्या मागून त्यांचे पुत्र शिवाजीराजे गादीवर आले. ते १८५५ च्या ऑक्टोबरांत पुत्रहीन वारले व गादी खालसा झाली. एवढ्यावर थांबलें नाहीं. १८५६ सालीं कंपनीच्या अधिकाऱ्यांनीं वाड्यावर पहारा बसवून राजांची खासगी मालमत्ताही ताब्यांत घेतली. तींत जडजवाहिर आलें, शस्त्रें आलीं, तसा ग्रंथसंग्रहही आला. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाईसाहेब यांनीं मद्रासच्या न्यायालयांत दावा लावून तो जिंकला. परंतु १८५९ सालीं विलायतेंत प्रिव्ही कौन्सिलानें तो निकाल फिरविला. ही जप्ती राजसत्तेचें कृत्य असल्यामुळें तिच्या न्यायान्यायाची चौकशी करण्याचा न्यायालयास अधिकार नाहीं, असा तो निर्णय होता. पुढें १८६२ सालीं सरकारनें कृपा म्हणून मालमत्ता राजघराण्याकडे परत केली.

या सात वर्षांत संग्रह फुटून लिलावांत गेला असता तर त्यास अडविणारें कांहींच नव्हतें. सरफोजीराजांनीं ग्रंथांसाठीं अपार खर्च केला, लेखक ठेविले, जागा दिली. पण आपल्या मागें या ग्रंथांचा मालक कोण, हें ठरवून ठेविलेलें नव्हतें. राजवाड्याच्या इतर वस्तूंबरोबर ग्रंथ गेले व इतर वस्तूंबरोबर परत आले. ते वांचले यांत योजनेपेक्षां दैवाचा भाग अधिक होता.

दैवानंतर मदतीस आली ती यादी. तंजावरचा जिल्हा न्यायाधीश आर्थर बर्नेल हा संस्कृतज्ञ होता. त्यानें वाड्यांतील संस्कृत पोथ्या पाहून त्यांची वर्गवार सूचि केली; ती १८८० सालीं प्रसिद्ध झाली. तंजावरास काय आहे हें त्या दिवसापासून युरोपांतील व हिंदुस्थानांतील पंडितांस कळूं लागलें. ज्या पोथीचें नांव छापील सूचींत आलें ती गहाळ झाली तर विचारणारा निर्माण होतो. सूचीबाहेरची पोथी गेली तर ती होती हेंच कोणास माहीत नसतें. पुढें पी. पी. एस्. शास्त्री यांनीं १९२८ ते १९३४ या काळांत १९ भागांची सविस्तर वर्णनात्मक सूचि काढिली.

तिसरी गोष्ट मालकीची. राजघराण्यांतील वारसांमध्यें इस्टेटीचे वाद चालले असतां, ग्रंथसंग्रह त्या वादांतून वेगळा काढावा यावर अखेर एकमत झालें. घराण्यानें तो लोकांस दिला, आणि ५ ऑक्टोबर १९१८ च्या सरकारी ठरावानें तो धर्मादाय निधीच्या कायद्याखालीं सार्वजनिक झाला. राजांचें नांव त्यास कायमचें जोडिलें गेलें. सरफोजीराजांच्या मृत्यूस तेव्हां ८६ वर्षें झालीं होतीं. संग्रहास स्थिर स्वरूप येतांच दुसऱ्यांच्या पोथ्याही तेथें येऊं लागल्या. जंबूनाथभट लांडगे, कागलकर, पातंग अवधूत यांचे संग्रह अशा रीतीनें सामील झाले. भारत सरकारनें १९८३ सालीं त्यास राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता दिली.

हल्लीं तेथें सर्व मिळून सुमारें ४९,००० हस्तलिखितें आहेत. पैकीं संस्कृत ३९,००० वर, मराठी व तमिळ प्रत्येकीं ३,००० वर, व तेलुगु कांहीं शें. याशिवाय मराठी राजवटीच्या दप्तराचे मोडी रुमाल हजाराहून अधिक आहेत. हा सर्व आंकडा सरफोजीराजांच्या एकट्याच्या खरेदीचा नव्हे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. नायकांचा वारसा व नंतरच्या देणग्या त्यांत मिळालेल्या आहेत. छापील पुस्तकांपैकीं राजांचीं कोणतीं हें निवडतां येतें तें मुख्यतः त्यांच्या सहीवरून.

५. दोन ताडून पाहण्याजोगीं उदाहरणें

सरफोजीराजे वारले तेव्हां अमेरिकेंत न्यूयॉर्क येथें जेम्स लेनॉक्स नांवाचा एकतीस वर्षांचा गृहस्थ होता. बाप मोठा व्यापारी. १८३९ सालीं तो वारल्यावर अपार संपत्ति या एकट्या मुलाच्या हातीं आली. यानें व्यापार सोडिला, लग्न केलें नाहीं, आणि जन्मभर ग्रंथ जमविले. गुटेनबर्गच्या छापखान्यांतील बायबलाची अमेरिकेंत गेलेली पहिली प्रत यानेंच १८४७ सालीं लंडनच्या लिलावांतून मिळविली. स्वभावानें तो अत्यंत एकलकोंडा. पुस्तकें घरांतील खोल्यांतून छतापर्यंत रचून दारें बंद करीत असे. मग एखादें पुस्तक आपल्यापाशीं आहे हें माहीत असूनही तें सांपडेना, म्हणून त्याचीच दुसरी प्रत विकत घेण्याची पाळी त्याजवर येई. विद्वानांसही तो सहसा दार उघडीत नसे.

असा हा मनुष्य, पण एका बाबतींत तो आमच्या राजांहून दूरदर्शी निघाला. १८७० सालीं, म्हणजे मरणापूर्वीं दहा वर्षें, त्यानें कायद्यानें एक संस्था स्थापिली, तिला जागा, इमारत व निधि दिला, आणि ग्रंथ तिच्या स्वाधीन केले. १८९५ सालीं ती संस्था दुसऱ्या दोन संस्थांशीं एक होऊन न्यूयॉर्कचें सार्वजनिक ग्रंथालय झालें. सरफोजीराजांचे ग्रंथ त्यांच्या हयातींत दरबारच्या पंडितांच्या, वैद्यांच्या व शाळांच्या उपयोगी पडत होते. लेनॉक्सचे कुलपांत होते. मृत्यूनंतर मात्र उलट झालें. लेनॉक्सचे ग्रंथ सरळ लोकांकडे गेले. तंजावरच्या ग्रंथांस जप्ती, दावे व वांटणीचे वाद यांतून जावें लागलें.

आमच्या जवळचें उदाहरण डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचें. वैद्यकींत मिळविलेला पैसा त्यांनीं पोथ्या, नाणीं व ताम्रपट यांवर ओतला. पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्यांस स्वतःच्या खर्चानें देशोदेशीं पाठवून शिलालेखांच्या नकला आणविल्या. भिवंडीपासून फार लांब नसलेल्या अंबरनाथच्या शिलालेखावरही त्यांनीं लिहिलें आहे. १८७४ सालीं ते वारले. त्यांच्या पोथ्या मुंबईच्या एशियाटिक सोसायटींत त्यांच्या नांवानें एकत्र राहिल्या, म्हणून त्या आजही पाहतां येतात. त्यांचे विखुरलेले निबंध १८८८ सालीं कलकत्त्यास एकत्र छापिले गेले. परंतु अनेक लेखांविषयीं जें त्यांच्या मनांत होतें व कागदावर उतरलें नाहीं, तें त्यांच्याबरोबर गेलें.

६. निष्कर्ष

या तिन्ही हकीकतींवरून आमच्यासारख्या लहान संग्राहकांनीं घेण्याजोगें काय, तें थोडक्यांत सांगतों.

पहिली गोष्ट, प्रत्येक पोथीबरोबर तिचें मूळ लिहून ठेवावें. कोणत्या गांवच्या, कोणत्या घराण्याच्या दप्तरांतून, कोणत्या दिवशीं आली, हें एका वेगळ्या चिठीवर लिहून चिठी रुमालांत ठेवावी. पोथीच्या अंगावर शाईनें लिहूं नये. सरफोजीराजांची सही छापील पुस्तकांवर आहे म्हणून त्यांचा संग्रह निवडतां आला.

दुसरी, यादी करून तिची एक प्रत घराबाहेर ठेवावी. यादी परिपूर्ण होईपर्यंत थांबूं नये. नांव, पत्रसंख्या, लिपि, लेखनाचा शक व आरंभ-शेवटचे शब्द इतकें पुरे आहे.

तिसरी, आपल्या मागें संग्रह कोणाकडे जावा हें हयातींतच लेखी ठरवावें व घरच्यांस सांगावें. संस्थेस देतांना संग्रह एकत्र ठेवण्याची व तो अभ्यासकांस दाखविण्याची अट घालावी.

जतनाविषयीं एक उपयुक्त माहिती तंजावराहूनच मिळते. तेथें वेखंड, मिरीं, लवंग, दालचिनी व कापूर यांच्या पुरचुंड्या पोथ्यांजवळ ठेवण्याची जुनी चाल आहे, व ताडपत्रांस गवती चहाचें तेल लावितात. हे जिन्नस कोंकणांतील कोणत्याही घरीं मिळण्यासारखे आहेत. तेल मात्र कागदी पोथीस लावूं नये.

भिवंडीच्या त्या घरीं मिळालेलीं अकरा पानें आम्हीं दोन पाट्यांमध्यें घालून खादीच्या रुमालांत बांधिलीं आहेत. घरमालकांच्या संमतीनें, मिळाल्याच्या दिवसाची व घराण्याच्या नांवाची चिठी आंत ठेविली असून मोडी चिटोऱ्यांची नक्कल चालू आहे. त्या घराण्याची दुसरी एक शाखा कल्याणास आहे व तिच्या माळ्यावरही एक पेटी आहे, असें कळतें. पावसाळा लागण्यापूर्वीं तेथें जाण्याचें आम्हीं ठरविलें आहे.